राज्यपालांची लेखणी आणि पाड्यावरची ग्रामसभा

अभ्यासासाठी शास्त्रभाग : नहेम्या ५:१-१९



रविवारच्या उपासनेत आपण राष्ट्रपती, राज्यपाल, मुख्यमंत्री अशा क्रमाने सत्ताधीशांसाठी प्रार्थना करतो. पौलाने तीमथ्याला तसे सांगितले आहे आणि आपल्या मंडळ्या ते नेमाने पाळतात. पण राज्यपालांचे नाव घेताना आपण नेमके काय मागतो? त्यांना आरोग्य मिळो, सुबुद्धी मिळो, बस. राज्यपाल म्हणजे विधिमंडळात भाषण वाचणारे, विद्यापीठाच्या समारंभात झगा घालून बसणारे आणि सरकार पडले की चार दिवस बातम्यांत येणारे, एवढीच आपली ओळख. गिरगाव चौपाटीवरून मलबार हिलकडे बोट दाखवून आपण मुलांना सांगतो, त्या टोकाला राज्यपाल राहतात. तिथे बसून आदिवासींसाठी काय करता येते, हे सहसा कोणी सांगत नाही.

आपल्या संस्थेचे काम ज्या पाड्यांवर चालते, तिथे मात्र राज्यपालांच्या सहीचा कागद फार मोलाचा असतो. म्हणून या अंकात एका राज्यपालांच्या कारकिर्दीचा अभ्यास घेतला आहे. सी. विद्यासागर राव हे ३० ऑगस्ट २०१४ पासून सप्टेंबर २०१९ पर्यंत महाराष्ट्राचे राज्यपाल होते. राजकीय बाजूने त्यांच्याविषयी कोणाचे काय मत आहे, तो विषय इथे नाही. आदिवासी गावाच्या बाजूने त्यांचा जमाखर्च कसा दिसतो, तेवढेच पाहायचे आहे.

आधी वचनाकडे वळू.

नहेम्या हाही एक राज्यपालच होता. शूशन राजवाड्यात अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार असलेला हा माणूस यहूदा प्रांताचा अधिपती म्हणून आला आणि बारा वर्षे राहिला. त्याचे नाव काढले की आपल्याला यरुशलेमेचा कोट आठवतो. शब्बाथ शाळेत चित्रेही कोटाचीच रंगवतात. पाचवा अध्याय मात्र कोटाचा नाही, कर्जाचा आहे. लोक आक्रोश करत येतात. कोणी म्हणतो, घरात खाणारी तोंडे पुष्कळ, धान्य नाही. कोणी म्हणतो, दुष्काळात शेत, द्राक्षमळा आणि घर गहाण टाकले. कोणी म्हणतो, राजाचा कर भरायला पैसे काढले. आणि शेवटी सगळ्यांत जड गोष्ट येते : आमची मुले-मुली दास्यात गेली, आता सोडवण्याची ताकद नाही, कारण शेते दुसऱ्यांच्या हातात आहेत.

ठाणे जिल्ह्याचा इतिहास ज्यांना माहीत आहे, त्यांना इथे थांबावे लागते. डहाणू-तलासरीकडे लग्नासाठी सावकाराचे कर्ज घेतलेला वारली नवराबायकोसकट त्याच्याकडे राबायला जायचा. त्याला ‘लग्नगडी’ म्हणत. १९४५ च्या वारली उठावाने ती प्रथा आणि वेठबिगार मोडली. त्या लढ्यात गोदावरी परुळेकर होत्या. त्या कम्युनिस्ट, आपण देवळात जाणारे. पण नहेम्याच्या पाचव्या अध्यायातला आक्रोश त्या काळी आपल्या कित्येक मंडळ्यांच्या आधी त्यांनी ऐकला, हे मान्य केले पाहिजे.

नहेम्याने काय केले? तो संतापला. मग त्याने मनाशी विचार केला, हा क्रम लक्षात ठेवा. मग सरदारांना व अधिकाऱ्यांना बंद खोलीत न बोलावता मोठी सभा भरवली आणि सर्वांसमोर जाब विचारला. शेते, मळे, जैतुनाच्या बागा, घरे आणि शेकड्याने घेतलेले व्याज आजच्या आज परत करा म्हणाला. ते ‘हो’ म्हणाले. एवढ्यावर तो थांबला नाही. याजकांना बोलावून शपथ घ्यायला लावली, आणि आपले वस्त्र झटकून सांगितले की जो शब्द मोडील त्याला देव असाच झटकून टाकील. तोंडचे आश्वासन आणि बांधून घेतलेला शब्द यांतला फरक या माणसाला पक्का ठाऊक होता.

आता आपल्या राज्यघटनेकडे येऊ. घटनेच्या शेवटी काही अनुसूची आहेत, त्यांतली पाचवी अनुसूचित क्षेत्रांसाठी आहे. महाराष्ट्रात ही क्षेत्रे १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरली. पालघर वेगळा झाल्यापासून ती तेरा जिल्ह्यांत मोडतात : पालघर, ठाणे, नाशिक, धुळे, नंदुरबार, जळगाव, अहिल्यानगर (आपले जुने अहमदनगर), पुणे, नांदेड, अमरावती, यवतमाळ, चंद्रपूर आणि गडचिरोली. काही तालुके पूर्ण, काही अंशतः, अशी सुमारे ५,९०० गावे. २०११ च्या जनगणनेत राज्यात अनुसूचित जमातींचे लोक एक कोटी पाच लाखांच्या घरात होते, म्हणजे दर शंभरांत नऊ-साडेनऊ. सगळे काही अनुसूचित क्षेत्रात राहत नाहीत. बरेच जण वीटभट्टीवर, बांधकामावर आणि आपल्या मुंबईच्या फुटपाथवरही आहेत.

या क्षेत्रांसाठी घटनेने राज्यपालांच्या हाती असा अधिकार दिला आहे, जो मुंबईतल्या परळ-लालबागसाठी त्यांना नाही. संसदेचा किंवा विधिमंडळाचा कोणताही कायदा अनुसूचित क्षेत्राला लागू होणार नाही, किंवा अमुक फेरफार करून लागू होईल, असे ते अधिसूचना काढून जाहीर करू शकतात. आदिवासींच्या जमिनीचे हस्तांतरण रोखणारे आणि सावकारीला आळा घालणारे विनियमही करू शकतात. त्यांना राष्ट्रपतींची संमती लागते. जमीन आणि सावकारी! नहेम्या ५ मधले दोन्ही विषय घटनाकारांनी जणू नाव घेऊन लिहिले आहेत. शिवाय या क्षेत्रांच्या कारभाराचा अहवाल दरवर्षी राष्ट्रपतींना पाठवणे हे राज्यपालांचे कर्तव्य आहे.

सल्ल्यासाठी वीसपर्यंत सदस्यांची जनजाती सल्लागार परिषद असते, आणि तीत शक्यतो तीन-चतुर्थांश आदिवासी आमदार असावेत असे म्हटले आहे. आपल्याकडे तिचे अध्यक्ष मुख्यमंत्री असतात. संविधान सभेत जयपालसिंग मुंडा यांना या परिषदेच्या हाती याहून जास्त अधिकार हवे होते. हे मुंडा छोटा नागपूरचे आदिवासी ख्रिस्ती आणि १९२८ च्या अॅमस्टरडॅम ऑलिंपिकमधील भारताच्या हॉकी संघाचे कर्णधार. आपल्या तरुण संघांना हे नाव माहीत नसते, याचे मला नेहमी वाईट वाटते.

कागदावरच्या एका ओळीने काय होते, असे कोणी विचारील. लालबाग-परळच्या वाचकांना ते समजावून सांगण्याची गरज नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे होणार होते : एक महापालिकेच्या मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये त्या नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती उरली. बांधकामाखालची जमीन त्यातून सुटली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती ग्राह्य धरली. आज जिथे टॉवर उभे आहेत, तिथे कोणाच्या वाट्याला काय यायचे होते, हे चाळीतल्या म्हाताऱ्यांना बरोबर सांगता येते. आदिवासी गावात अधिसूचनेचे वजन तेवढेच असते, फक्त तिथे ती वाचणारा माणूस क्वचित असतो.

विद्यासागर राव आले ते करीमनगरहून. पेशाने वकील, अनेक वर्षे आमदार, मग खासदार, वाजपेयी सरकारात गृहराज्यमंत्री. जुन्या करीमनगर जिल्ह्याची हद्द गोदावरीच्या पात्रापाशी आपल्या सिरोंचा तालुक्याला भिडायची, म्हणजे गडचिरोलीचा जंगलपट्टा त्यांना नकाशावरून शिकावा लागला नसेल. पण त्यांचे श्रेय मोजताना आधीच्यांना विसरून चालणार नाही. राजभवनात आदिवासी विषयांसाठी वेगळा कक्ष उभा राहिला तो के. शंकरनारायणन यांच्या काळात. पेसा कायदा १९९६ चा. त्याचे महाराष्ट्राचे नियम यायला मार्च २०१४ उजाडला, तेही त्यांच्याच काळात. आणि ९ जून २०१४ ची अधिसूचनाही त्यांचीच. तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, परिचारिका, कृषी सहायक अशी गावपातळीवरची पदे अनुसूचित क्षेत्रात स्थानिक आदिवासी उमेदवारांतून भरावीत, असे तीत होते. कारण साधे होते. बदलीवर आलेली नर्सबाई शुक्रवारी दुपारी निघते ती सोमवारी उगवते, आणि बाळंतपण वार पाहून होत नाही.

विद्यासागर रावांनी शपथ घेतल्याला दोन महिने होतात तोच ३० ऑक्टोबर २०१४ ला त्यांची अधिसूचना निघाली. आदिवासी उपयोजनेच्या निधीतला किमान पाच टक्के हिस्सा अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट द्यावा, असा तिचा आशय. याचे महत्त्व कळायला थोडे मागे जावे लागेल. सुकथनकर समितीच्या शिफारशीनंतर, १९९३-९४ पासून राज्याच्या योजनेतला लोकसंख्येच्या प्रमाणातला हिस्सा, म्हणजे साधारण नऊ टक्के, आदिवासी विकास विभागाकडे वेगळा ठेवला जाऊ लागला. पैसा वेगळा झाला, पण तो कशावर खर्चायचा हे मुंबई-नाशिकच्या टेबलांवर ठरत राहिले. विहीर हवी तिथे समाजमंदिर आले, आणि समाजमंदिर हवे तिथे काहीच आले नाही. नव्या अधिसूचनेने पहिल्यांदाच लहानसा का होईना, पण एक वाटा असा आला की ज्यावर खर्चाचे नाव ग्रामसभेने लिहायचे. एप्रिल २०१५ च्या शासन निर्णयाने त्याला ‘अबंध निधी’ हे नाव मिळाले. पायाभूत सुविधा, वनहक्क व पेसाची अंमलबजावणी, आरोग्य-स्वच्छता-शिक्षण, आणि वन व जलसंधारण, अशा कामांवर तो लोकसंख्येच्या प्रमाणात ग्रामसभेच्या कोषात जमा होऊ लागला.

त्याच वर्षाच्या अखेरीस शासनाची अमृत आहार योजना सुरू झाली. अनुसूचित क्षेत्रातल्या गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण गरम जेवण आणि पुढे मुलांना अंडी किंवा केळी. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीची बालमृत्यूंची बातमी ज्यांनी वाचली असेल, त्यांना हे जेवण म्हणजे उपकार वाटणार नाही. फार उशिरा फेडलेले देणे वाटेल.

(गंमत अशी की २०१६ मध्ये राजभवनात जमिनीखाली इंग्रजांच्या काळचे मोठे भुयार सापडले, तेव्हा त्याची चर्चा घरोघर झाली. ३० ऑक्टोबरच्या कागदाचे नाव मात्र मी आपल्या एकाही सहभागिता सभेत ऐकलेले नाही.)

इथवरचा भाग ऐकून आभाराची प्रार्थना करून उठायला हरकत नव्हती. पण त्याच लेखणीची दुसरी बाजूही वाचली पाहिजे. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाऊ नये म्हणून महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत ३६-अ कलम आहे. शिवाय १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या जमिनी परत देण्यासाठी वेगळा कायदा झाला. अनुसूचित क्षेत्रात अशा व्यवहाराला ग्रामसभेचीही पूर्वमंजुरी हवी, ही अट २०१६ मध्ये राज्यपालांच्या अधिसूचनेने आली. आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये दुसऱ्या अधिसूचनेने तिला अपवाद आला : सरकारच्या महत्त्वाच्या प्रकल्पांसाठी, परस्पर संमतीने व योग्य मोबदला ठरवून जमीन घेतली जात असेल, तर ग्रामसभेच्या मंजुरीची गरज नाही. ज्या पालघर जिल्ह्यातून महामार्ग, मालगाडीचा लोहमार्ग आणि बुलेट ट्रेन जाते, तिथे या एका वाक्याचा अर्थ काय होतो, याचा विचार करा. रस्ते नकोत असे कोणी म्हणत नाही. पण खातेदार एकटा असताना समोर सरकारी अधिकारी, दलाल आणि रकमेचा आकडा असतो. त्याच्या पाठीशी उभी राहणारी सभा बाजूला झाली की ‘परस्पर संमती’ या शब्दांत फारसे काही उरत नाही. माझे मत स्पष्ट आहे : हा अपवाद करायला नको होता. पाच टक्के निधी देऊन ग्रामसभेला मोठी करणारी आणि जमिनीच्या वेळी तिला उठून जायला सांगणारी सही एकच आहे.

राज्यपाल हे स्वतःच्या विवेकाने करतात की मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने? पाचव्या अनुसूचीबाबत घटनातज्ज्ञांत यावर मतभेद आहेत. व्यवहारात शासनाच्या इच्छेविरुद्ध जाणारी अधिसूचना निघणे अवघडच. म्हणून चांगल्याचे सगळे श्रेय आणि वाइटाचा सगळा दोष एकाच माणसाच्या माथी मारू नये. नहेम्यालाही वर राजा होताच. तरी तो लिहितो की आधीच्या अधिपतींनी लोकांवर भार घातला, चाळीस शेकेल रुपे आणि भाकर-द्राक्षारस घेतला; मी देवाच्या भयास्तव तसे केले नाही. आपल्या अधिकाराच्या मर्यादेत किती उरते, याचा शोध त्याने घेतला.

आपल्या लोकांना आणखी एक सवय आहे, ती बोलून दाखवते. ‘राज्यपाल आपल्यातले होते का?’ हा प्रश्न मंडळीत लगेच येतो. होते. केरळच्या सुरियानी ख्रिस्ती परंपरेतले पी. सी. अलेक्झांडर १९९३ ते २००२ इतका काळ इथे राज्यपाल होते आणि विदर्भ-मराठवाड्याची वैधानिक विकास मंडळे त्यांच्याच काळात सुरू झाली. २००८ ते २०१० एस. सी. जमीर होते, नागालँडच्या आओ नागा समाजातले, म्हणजे ख्रिस्तीही आणि आदिवासीही. अभिमान वाटायला हरकत नाही. पण तलासरीच्या बाईला राज्यपालांच्या धर्माने काही फरक पडत नाही. तिच्या वनहक्काच्या दाव्याचे काय झाले, एवढेच तिला विचारायचे असते.

त्या दाव्यांबाबत पुढे भगतसिंह कोश्यारींच्या काळात, मे २०२० मध्ये एक महत्त्वाची अधिसूचना निघाली. जिल्हा समितीने दावा फेटाळला की विषय संपायचा. आता त्यावर विभागीय पातळीवरील समितीकडे दाद मागता येते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, वाढत्या कुटुंबांना गावाशेजारच्या वनजमिनीवर घर बांधता यावे म्हणूनही बदल झाला. उलट २०१४ च्या नोकरभरतीच्या अधिसूचनेची वाट बिकट झाली. एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने आंध्रमधले शिक्षकांचे शंभर टक्के आरक्षण रद्द केले, राज्यपालांचा अधिकारही मूलभूत हक्कांच्या वर नाही असे सांगितले, आणि आपल्याकडची पेसा भरतीही वादात सापडली. ऑक्टोबर २०२४ मध्ये विधानसभेचे तत्कालीन उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी मंत्रालयातल्या जाळीवर उडी घेतली; त्या आंदोलनातली एक मागणी हीच भरती होती.

आता पाड्यावर चला. मागच्या वर्षी एका पाड्यावर आम्ही बायकांना विचारले, ग्रामसभेचा कोष कुठे आहे? एकमेकींकडे पाहून हसल्या. पासबुक गावातल्या एका माणसाच्या घरी होते, आणि दोन वर्षांत त्यातल्या पैशाचे काय झाले ते कोणाला माहीत नव्हते. चोरी झाली होती असे नाही. एक मोरी आणि शाळेच्या भिंतीला रंग, असा खर्च निघाला. पण ठराव कोणी केला, हे सभेतल्या एकीलाही सांगता येईना. एक आजी म्हणाली, “ताई, अंगठा मागितला, दिला.” आम्ही ते पासबुक सगळ्यांसमोर मोठ्याने वाचले, ओळ अन् ओळ. पुढच्या सभेला बायका दुप्पट आल्या आणि अंगणवाडीच्या पाण्याच्या टाकीचा ठराव त्यांनी स्वतः मांडला. ती टाकी अजून बसलेली नाही.

म्हणून या वर्षी संस्थेने तुमच्यापुढे ठेवलेली गरज वेगळी आहे. ब्लँकेट आणि नाताळची भेट तुम्ही देताच, ती द्या. पण आम्हाला पाड्यांवरची अशी शिकलेली मुलेमुली हवी आहेत, जी ठराव लिहून घेतील, कोषाचा हिशेब वाचून दाखवतील आणि फेटाळलेल्या दाव्याचे अपील मुदतीत दाखल करतील. त्यांच्या मानधनासाठी देणगी मागितली की पुष्कळांचा चेहरा उतरतो. ब्लँकेटचा फोटो निघतो, ठरावाचा निघत नाही.

शेवटी आपल्या घरातला एक विषय. दहाव्या वचनात नहेम्या सरदारांना बोल लावताना मध्येच म्हणतो की मी, माझे भाऊ आणि माझे सेवकही त्यांना पैसा व धान्य उसने देत आहोत. सोळाव्यात म्हणतो की आम्ही जमीन विकत घेतली नाही. दादर-गिरगावातल्या आपल्या कित्येक कुटुंबांनी निवृत्तीच्या पैशातून वाडा, शहापूर, पालघरकडे प्लॉट पाहायला सुरुवात केली आहे. पाहा, पण सातबारा स्वतः वाचा. इतर हक्कांच्या रकान्यात ३६-अ ची नोंद आहे का, जुन्या फेरफारात आधीचे नाव कोणाचे होते, ते तपासा. एजंट ‘सगळे क्लिअर आहे’ म्हणाला तर त्याला त्या नावांच्या घरी घेऊन चला म्हणावे.

महिला मंडळे आणि तरुण संघ यांनी नहेम्या ५ आणि पाचवी अनुसूची एका बैठकीत शेजारी ठेवून वाचावी. अनुसूची मराठीत सहज मिळते आणि चार पानांची आहे. ज्यांना प्रत्यक्ष यायचे असेल त्यांनी २ ऑक्टोबरची ग्रामसभा धरावी. सकाळी दादरहून पहिली गाडी धरली तर आपण सभेच्या आधी पोचतो. डबा आपापला आणायचा आहे, आणि सभेत बोलायचे नाही, मागे बसून ऐकायचे आहे.